नसलेल्या लेकराचा पान्हा

लातूरच्या ट्यूशन एरियात एका बोळात बुद्धप्रियाची मेस होती. पाटीवर नुसतं ‘घरगुती मेस’ एवढंच लिहिलेलं. आडनाव टाकायचं नाही, हे पाटी रंगवायला दिली तेव्हाच ठरलं होतं. त्यावर नवरा-बायकोत बोलणंसुद्धा झालं नव्हतं. परभणी, हिंगोली, बीडकडून डॉक्टर व्हायला आलेली पोरं-पोरी दोन्ही वेळेला तिच्याकडं जेवायची. नवरा नागसेन एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. सकाळची कणीक तो मळून द्यायचा आणि मग कामावर जायचा.

लग्नाला पंधरा वर्षं होऊन गेली होती. लेकरू नव्हतं. सुरुवातीची काही वर्षं दवाखाने झाले, गोळ्या झाल्या. पाळी बुद्धप्रियाची आधीपासूनच अनियमित. कधी दोन महिन्यांनी, कधी चार. डॉक्टर म्हणायचे, होईल. मग एके वर्षी दोघांनी जाणंच सोडलं. कुणी ठरवून सोडलं नाही. मेसचा व्याप वाढला, नागसेनच्या कामाच्या पाळ्या बदलल्या, आणि पुढची तारीख तशीच निघून गेली.

नागसेनची आई सरजाबाई मुरुडजवळच्या गावी राहायची. तिचं सगळं आयुष्य सुईणपणात गेलेलं. आसपासच्या चार-पाच गावांतली आज बापे झालेली कितीतरी माणसं तिच्या हातावर जन्मली होती. दवाखाने झाले, अँब्युलन्स आली, तशी बोलावणी कमी झाली. पण पोटुशी बाई अजूनही जाता-येता तिच्या ओट्यावर टेकायची. सरजाबाई पोटावर हात ठेवायची आणि सांगायची, आडवं हाय का उभं. सुनेला तिनं लेकरावरून कधी टोमणा मारला नाही. एकदाच, विहारातून परतताना, ती म्हणाली होती, “गावाचे पाळणे हलविले म्या. आपल्या घरात मात्र न्हाई बग.” पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

त्या वर्षी हिवाळा सरता सरता बुद्धप्रियाची पाळी बंद झाली. तिला सवय होती, तिनं लक्ष दिलं नाही. एका दुपारी पोरं जेवून गेल्यावर ती मोठं पातेलं घासत होती. पोलक्याचा पुढचा भाग ओला लागला. पाणी उडालं असेल, असं वाटलं. पण ओल कोमट होती आणि थोडी चिकट. ती न्हाणीत गेली, दार लावलं, आणि छाती दाबून बघितली. पांढरा थेंब आला. तिनं पाणी टाकून धुतलं. मग पुन्हा दाबून बघितलं. पुन्हा आला.

ती तिथंच पाटावर बसली. बाहेर नळ चालू राहिला होता. तो बंद करायचंही तिला सुचलं नाही.

तिनं नागसेनला सांगितलं नाही. आधी फोन केला सासूला.

“आत्या, तुम्ही येता का इकडं?”

“का गं? आवाज असा का येतोय?”

“फोनवर न्हाई सांगता येत.”

सरजाबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आली. हातपाय धुतले, चहाला नको म्हणाली, आणि सुनेला आत घेऊन बसली. तिची बोटं आता वाकडी झाली होती, पण हात हलका होता. तिनं दाबलं, बघितलं, पोटावर हात ठेवला. मग पदर डोळ्याला लावला.

“पान्हा हाय हा, पोरी. पाळी कवापासून न्हाई?”

“तीनेक महिने झाले असतील.”

“मग काय राह्यलं आता.”

त्या दिवशी संध्याकाळी नागसेन घरी आला तेव्हा आई गव्हल्यांची खीर ढवळत होती. त्यानं बायकोकडं बघितलं. बायको खाली बघत होती. आईनं सांगितलं. तो हातातली पिशवी खाली ठेवायची विसरला. थोड्या वेळानं म्हणाला, “पाण्याचे जार मी आणत जाईन आता. तू उचलू नको.” एवढंच. आणि खरंच तेव्हापासून दोन्ही वेळचे जार तोच उचलायला लागला.

औषधाच्या दुकानातून पट्टी आणून बुद्धप्रियानं तपासून बघितलं होतं. एकच रेघ आली. आठवड्यानं पुन्हा बघितलं, पुन्हा एकच. सरजाबाई म्हणाली, “काही बायांचं दिसत न्हाई त्या पट्टीत. माझ्या बघण्यातल्या हायती.” आणि अशा बाया खरोखरच तिच्या बघण्यातल्या होत्या.

मग एका बाईडॉक्टरकडं गेल्या दोघी. सोनोग्राफी झाली. डॉक्टरबाई पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, “गर्भ नाही. पिशवी रिकामी आहे.”

“पण दूध येतंय,” बुद्धप्रिया म्हणाली.

“हो, म्हणूनच सांगते. दुधाचं कारण दुसरं असणार. रक्ताची एक तपासणी लिहून देते, लांबवू नका. डोकं दुखतं का?”

“कधी कधी.”

“बघा, करून घ्या.”

सरजाबाई बाहेर बाकावर बसली होती. तिनं विचारलं, काय म्हणल्या? बुद्धप्रिया पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, “अजून दिसत न्हाई म्हणल्या. रक्त तपासायचं हाय.”

“लवकर हाय अजून. मशिनीला काय कळतंय.”

बुद्धप्रियानं होय म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. रक्त तपासायला ती गेली नाही. लबाडी करावी असं तिच्या मनात नव्हतं. रोज सकाळी उठल्यावर ती ठरवायची की आज जायचं. मग छाती जड लागायची, पोलक्याच्या आत घडी करून ठेवलेला रुमाल ओला झालेला असायचा, आणि तिला वाटायचं, आजचा दिवस राहू द्यावं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिच्या अंगात काहीतरी घडत होतं. ते नाही म्हणून सांगणारा कागद तिला इतक्यात हातात नको होता.

उन्हाळा आला. पोट काही वाढेना. सरजाबाई पोटावर हात ठेवायची आणि हल्ली हात ठेवून नुसती बसायची. डिंकाचा डबा तिनं आणलेला होता, त्यातला डिंक तळायचा राहून गेला होता.

डोकं मात्र रोज दुखायला लागलं. कपाळाच्या मागं, डोळ्यांच्या मुळाशी. आणि बुद्धप्रिया धडकायला लागली. दाराच्या चौकटीला खांदा लागायचा. गॅसच्या कडेला ठेवलेला तांब्या हात लागून पडायचा. पंगतीत वरण वाढताना शेवटच्या पोरीच्या ताटाऐवजी फरशीवर पडायचं. समोरचं तिला नीट दिसायचं. पण समोरचं तेवढंच. उजव्या-डाव्या अंगाला काय आहे ते मान वळवल्याशिवाय कळायचं नाही. हे हळूहळू झालं, त्यामुळं आपल्याला कमी दिसतंय असं तिला वाटलंच नाही. आपण वेंधळे झालो, असं वाटलं.

एके दिवशी भाजी घेऊन बोळातून मुख्य रस्त्याला लागताना बाजूनं आलेली मोटारसायकल तिला दिसली नाही. पोरानं ब्रेक मारला, गाडी घसरली, तो पडला. त्याला खरचटलं, तिला काही झालं नाही. लोक जमले. तो पोरगा म्हणाला, “काकू, हळू येत होतो ना मी. बघत होता तुम्ही माझ्याकडं.”

त्या दिवशी नागसेन तिला डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. चष्मा लागला असेल, असं त्याच्या मनात होतं. तिथं एका यंत्रात डोकं ठेवून, बारीक दिवा दिसला की बटण दाबायचं, अशी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागदावरचं चित्र दाखवलं. दोन वर्तुळं, दोन्हीचा बाहेरचा अर्धा भाग काळा.

“डोळे चांगले आहेत,” डॉक्टर म्हणाले. “डोळ्याच्या मागं काहीतरी नसांना दाबतंय. एमआरआय करा. आणि एक विचारू? छातीतून दूध येतं का?”

नागसेननं बायकोकडं बघितलं. डोळ्याच्या डॉक्टरला हे कसं कळलं, हे त्याला समजेना. बुद्धप्रियाला मात्र समजलं. तिनं पदर ओढून घेतला आणि मान हलवली.

एमआरआयमध्ये गाठ दिसली. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांच्या मधोमध मागं, हरभऱ्याएवढी एक ग्रंथी असते. अंगातल्या बऱ्याच गोष्टींचे हुकूम तिथून सुटतात. लेकरासाठी दूध कधी यायचं, पाळी कधी यायची, तेही. तिच्यावर लिंबाएवढी गाठ वाढली होती. ग्रंथींच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि शांतपणे समजावलं. ही गाठच दुधाचा हुकूम सोडते. तिच्यामुळंच पाळी थांबली. कर्करोग नाही. पण ती वर डोळ्यांच्या नसांना दाबते आहे. या गाठी बऱ्याचदा गोळ्यांनीच आकसतात. आठवड्यातून दोन गोळ्या.

“किती दिवसांची आहे ही?” नागसेननं विचारलं.

“सांगता येत नाही. हळूहळू वाढते. दहा-बारा वर्षंसुद्धा असेल.”

“मंजी आम्हाला लेकरू न्हाई, ते...”

“त्यामुळं असू शकतं.”

“तेव्हाच कळलं असतं तर?”

“आता ते सांगता येणार नाही हो.”

बुद्धप्रियानं एकच प्रश्न विचारला.

“गोळीनं दूध बंद होईल का?”

“हो. लवकर होईल,” डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं, तिला त्याचा त्रास असेल.

घरी आल्यावर सरजाबाईला नागसेननं सांगितलं. ती जमिनीवर बसून लसूण सोलत होती. ऐकून घेतलं. पाकळी हातातच राहिली.

“डोक्यात?” ती म्हणाली. “दूध डोक्यातून येतंय?”

“डोक्यातूनच हुकूम सुटतो म्हणले.”

“माझा हात होता की पोटावर.” एवढंच बोलून ती पुन्हा लसूण सोलायला लागली. गरजेपेक्षा कितीतरी जास्त लसूण तिनं त्या दिवशी सोलला.

पहिली गोळी बुद्धप्रियानं पोरांची जेवणं झाल्यावर घेतली. पाण्याबरोबर गिळली. गिळायला काहीच जड नव्हतं. नंतर ती पाय पसरून भिंतीला टेकून बसली, आणि सरजाबाई तिच्या शेजारी येऊन बसली.

दूध कमी होत गेलं. डोकं थोडं हलकं झालं. जूनमध्ये नवी बॅच आली, बोळ पुन्हा सायकलींनी भरला. डॉक्टर म्हणाले, ठीक चाललंय, पुढच्या महिन्यात पुन्हा फोटो काढू. सगळं सांगितल्याप्रमाणं चाललं होतं. गोळी एकदाही चुकली नव्हती.

आणि एका दुपारी, पंगत बसलेली असताना, बुद्धप्रियाच्या हातातून पोळ्यांची टोपली सुटली. तिनं दोन्ही हातांनी कपाळ धरलं. “आत्या, डोक्यात काहीतरी फुटलं,” म्हणाली आणि तिथंच ओकली. डाव्या डोळ्याची पापणी खाली आली होती, वर उचलेना. उजवा डोळा उघडा होता, पण ती हवेत हात फिरवत होती.

“लाईट गेली का?” तिनं विचारलं.

लाईट होती. जेवणारी पोरं ताटावरून उठून उभी राहिली. त्यांतली काही जण डॉक्टर व्हायच्या परीक्षेचं दिवसभर वाचून आली होती. कुणालाच काही करता येईना. सरजाबाईनं सुनेचं डोकं मांडीवर घेतलं आणि पोरांना म्हणाली, “नागसेनला फोन लावा रे कुणीतरी.”

लातूरच्या दवाखान्यात कळलं की गाठीच्या आत रक्तस्राव झालाय. गाठ एकदम फुगून नसांवर चढलीय. असं काही जणांना होतं, गोळी घेतली तरी होतं, न घेतली तरी होतं. आता गोळ्यांवर थांबता येणार नाही. लवकरात लवकर ती काढावी लागेल. हे ऑपरेशन करणारे दोन डॉक्टर नांदेडला एकत्र आहेत, तिकडं न्या. सलाइन लावून, इंजेक्शन देऊन अँब्युलन्समध्ये घातलं. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, नागसेन बायकोचा हात धरून बसला होता. ती मधूनच विचारायची, “संध्याकाळ झाली का?” बाहेर ऊन होतं. तो म्हणायचा, “होत आलीय.”

नांदेडच्या त्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांनी नागसेनला आत बोलावलं. त्यांच्याशेजारी नाक-कान-घशाचे डॉक्टर बसले होते.

“डोकं उघडायचं नाही,” मेंदूचे डॉक्टर म्हणाले. “नाकातून जायचं.”

“नाकातून?”

“नाकाच्या मागं हाडात एक पोकळी असते. तिच्या मागची भिंत पातळ असते. हे डॉक्टर नाकपुडीतून दुर्बीण नेऊन वाट करून देतात. मग आम्ही दोघं मिळून, दोन्ही नाकपुड्यांतून हत्यारं घालून, पडद्यावर बघत गाठ काढतो. गाठ मऊ असते, खरवडून निघते. शेवटी हाडातली ती वाट आतूनच बुजवायची. मांडीतली थोडी चरबी आणि नाकातलीच कातडी लावून.”

नागसेनला इंजिनच्या आत जाणारा हात कळत होता. जिथं नजर पोचत नाही तिथला नट बोटांनी चाचपून काढायचा, हे त्याचं रोजचं काम. त्यामुळं त्याला जरा जास्तच भीती वाटली.

“बाजूला काय असतं तिथं?”

“मेंदूला रक्त नेणारी धमनी. दोन्ही बाजूंना. गाठीचा एक तुकडा डाव्या धमनीला बिलगलाय. तो बहुतेक तसाच ठेवावा लागेल.”

“डोळे येतील?”

“उजव्याची आशा आहे. डाव्याचं सांगत नाही.”

त्यानं सही केली. बाहेर आला. सरजाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. तिनं विचारलं, “मी आत जाऊ का? नुसती उभी राहीन.” तो म्हणाला, “आई, तिथं कुणालाच सोडत न्हाईत.” तिनं मान हलवली. बाळंतिणीच्या खोलीतून इतरांना बाहेर काढायचं काम आयुष्यभर तिनं केलं होतं. दार बंद झालं की बाहेरच्यांचं काय होतं, हे तिला माहीत नव्हतं.

ऑपरेशन दुपारी संपलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, बरीचशी निघाली, डावीकडचा तुकडा ठेवलाय. बुद्धप्रियाला बघायला सोडलं तेव्हा तिचं डोकं जसंच्या तसं होतं. केस कापलेले नाहीत, टाके नाहीत, पट्टी नाही. फक्त दोन्ही नाकपुड्या बोळ्यांनी गच्च भरलेल्या. तोंडानं श्वास घेऊन ओठ फाटलेले. सरजाबाईला काही केल्या पटेना की हिच्या डोक्यातून काहीतरी काढलंय.

सकाळी डॉक्टरांनी डावा डोळा झाकून विचारलं, “किती बोटं?”

“दोन.” मग, “आता तीन.”

नागसेन भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

मग उजवा झाकला आणि डाव्या डोळ्यावर बॅटरी धरली. “उजेड दिसतो?”

“हाय वाटतंय.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “न्हाई. उगंच म्हणले मी.”

तिला भयंकर तहान लागायची. जगच्या जग पाणी प्यायची आणि तेवढीच लघवी व्हायची. ग्रंथीला धक्का बसला की असं होतं, म्हणाले. नर्स दर वेळी मोजून घ्यायची. ते थांबतं न थांबतं तोच, उशाला टेकवून बसवलं असताना, तिच्या नाकातून पाणी टपकलं. स्वच्छ, पाण्यासारखं पाणी. घशात खारट लागलं. सर्दी नव्हती ती. मेंदूभोवतीचं पाणी होतं. बुजवलेल्या जागेतून झिरपत होतं.

पाठीच्या कण्यातून नळी घालून ते पाणी दुसरीकडं काढून दिलं आणि तिला सपाट निजवलं. डॉक्टरांनी सासूलाच सगळं सांगितलं, कारण उशाशी तीच बसलेली असायची. उठून बसायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. आणि शौचाला अजिबात कुंथायचं नाही.

सरजाबाईनं उभ्या आयुष्यात शेकडो बायांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं होतं, कुंथ, पोरी, अजून जरा कुंथ. आता ती सुनेच्या उशाशी बसून दिवसातून कितीतरी वेळा म्हणायची, “जोर करू नको. जोर करायचा न्हाई, पोरी.” वॉर्डात कुणी खिडकी उघडली, धूळ आली, की ती धास्तावून सुनेच्या तोंडाकडं बघत राहायची. एकदा बुद्धप्रियाला शिंक येऊ लागली. तिनं तोंड उघडलं, डोळे मिटले, सासूचा हात घट्ट धरला. शिंक येता येता गेली. दोघींना घाम फुटला होता.

तशाच एका सकाळी, अंग पुसून देताना, बुद्धप्रिया म्हणाली, “आत्या, पार आटलं.”

“हं.”

“कालपासून थेंबसुद्धा न्हाई.”

“बरं झालं,” असं म्हणायला पाहिजे होतं. सरजाबाईनं ओला टॉवेल बादलीत पिळला, पुन्हा पिळला. बुद्धप्रिया छताकडं बघत पडली होती. उजव्या डोळ्यातलं पाणी कानात गेलं. नाक शिंकरायचं नव्हतं, म्हणून तिला रडायचंही बेतानंच होतं.

गळती थांबली. नळी काढली. पावसाळा संपत आला तेव्हा ते लातूरला परत आले. मेसची पोरं एव्हाना दुसरीकडं लागली होती. त्यांचं काही चुकलं नव्हतं, जेवायला तर पाहिजेच. दिवाळीनंतर थोडी थोडी परत आली. बुद्धप्रियाला वास येत नव्हता. नाकात आतून खपल्या धरायच्या, मिठाच्या पाण्यानं धुवावं लागायचं. येईल हळूहळू, म्हणाले होते. फोडणी करपली तरी तिला कळायचं नाही. म्हणून सरजाबाई गावाकडं परत गेलीच नाही. गॅसजवळ पाट टाकून बसायची. “उतरव, करपतंय,” म्हणायची. बुद्धप्रिया उतरवायची. डाव्या बाजूचं सामान सरजाबाई उजवीकडं आणून ठेवायची. दोघींनी मिळून एका बाईचं काम होत होतं.

पुढं पाळी सुरू झाली. आपोआप, आणि महिन्याच्या महिन्याला. इतकी नियमित तिला लग्नाआधीही कधी आली नव्हती.

नांदेडला फेरतपासणीला गेले तेव्हा ग्रंथींच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. त्यांनी फोटो बघितले. डावीकडचा तुकडा आहे तेवढाच आहे. गोळ्या चालू ठेवायच्या. मग त्यांनी दोघांना समोर बसवलं.

“पाळी येते आहे, म्हणजे आता मूल राहू शकतं. ही गोष्ट मला सांगायलाच हवी.”

नागसेन आणि बुद्धप्रिया एकमेकांकडं बघू शकले नाहीत.

“पण दिवस गेले की गोळी बंद करावी लागते आणि ही ग्रंथी फुगते. राहिलेला तुकडाही फुगू शकतो. तुमचा एकच डोळा आहे. काही बायकांना काहीच होत नाही. काहींना होतं. कोणाला होईल ते आधी सांगता येत नाही.”

“मंजी करू नये?” नागसेननं विचारलं.

“मी नको म्हणत नाही. ठरवून करा, आम्हाला विचारून करा. करायचं नसेल तर काळजी घ्या.”

“तुम्ही असता तर काय केलं असतं?” बुद्धप्रिया म्हणाली.

डॉक्टरबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. “मला नाही सांगता येणार,” त्या म्हणाल्या. त्यांचा सूर खरा होता.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, चांगला डोळा बाहेरच्या बाजूला करून. लोहा मागं पडलं. अहमदपूरच्या स्टँडवर नागसेननं उतरून चहा आणला. “तुला काय वाटतंय?” त्यानं विचारलं. “तुम्हाला काय वाटतंय?” तिनं विचारलं. गाडी सुटली तेव्हा दोघांच्या हातात रिकामे कप होते.

सरजाबाईला तिनं भाकरी थापता थापता सांगितलं. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सगळं, जसंच्या तसं. मग विचारलं, “आत्या, तुम्ही काय म्हणता?”

सरजाबाईच्या हातात चिमटा होता. कितीतरी बायांना तिनं सांगितलं होतं, धीर धर, काही होत न्हाई, मी हाय. तव्यावरची भाकरी फुगली, तिनं ती उलटली नाही.

“मला इचारू नको गं,” ती म्हणाली. “माझ्या हाताला आता काही कळत न्हाई.”

बुद्धप्रियानं तिच्या हातातून चिमटा घेतला आणि भाकरी उलटली. एका अंगानं काळी झाली होती.

या गोष्टीला वर्ष होत आलं. मेस चालू आहे, पोरं आधीच्या निम्मी. गोळ्या चालू आहेत. वास थोडा थोडा येतो, कांदा कळतो, कोथिंबीर कळत नाही. ठरवलेलं मात्र त्यांनी अजून काही नाही. नको, असंही ठरवलं नाही. बुद्धप्रिया आता सदतीस वर्षांची आहे. महिना भरत आला की घरात तिघंही जरा जपून बोलतात. मग एखाद्या सकाळी, नागसेन कणीक मळत असताना, ती दारात येऊन उभी राहते.

“आली,” ती म्हणते.

“बरं,” तो म्हणतो, आणि कणकेवर ओलं फडकं टाकून कामावर जातो.